मामाचा उमराव

ब्रीडाचा फोन आला तेव्हा मी गॉलवेला, ऑफिसच्या कँटीनमध्ये सूपच्या रांगेत उभी होते. ब्रीडा म्हणजे वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलमधली ऑपरेशन थिएटरची नर्स. मामाबरोबर तिने कितीतरी वर्षं काम केलं होतं. ती फोनवर नेहमी आधी हवा विचारायची. त्या दिवशी तिने हवा विचारली नाही, आणि तिथेच मला कळलं. "गौरी, लव्ह, बसली आहेस ना तू?" मी म्हटलं, हो, बसले आहे. हातात ट्रे घेऊन मी उभीच होते... तिचं सगळं बोलणं मी नीट ऐकून घेतलं, तिचे आभार मानले, सूप घेतलं, एका रिकाम्या टेबलावर ठेवलं आणि तसंच सोडून गाडीकडे चालू लागले. वॉटरफोर्डपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. एके ठिकाणी मेंढ्या आडव्या आल्या होत्या आणि मी हॉर्न न वाजवता त्या जाईपर्यंत थांबले होते, एवढंच आठवतं.

मामा गेला त्याला आता दीड महिना होईल. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, मराठीत एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही. पण मामा माझ्याशी मराठीतच बोलायचा, म्हणून हे मराठीत.

डॉक्टर श्रीकांत, माझ्या आईचा धाकटा भाऊ. नाशिकचा. पेशाने भूलतज्ज्ञ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो "दोन वर्षांसाठी" आयर्लंडला आला आणि राहिला. लग्न त्याने केलं नाही. का, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलं नाही. मला इथे नोकरी लागली तेव्हा आईने केवळ "मामा आहे ना तिथे" एवढ्यासाठी मला सोडलं. गॉलवे आणि वॉटरफोर्ड ही बेटाची दोन टोकं आहेत हे तिला नकाशावर दाखवूनही पटलं नव्हतं. मग मी महिन्यातून एखादा शनिवार-रविवार त्याच्याकडे जाऊ लागले. मला फार बोलता येत नाही, आणि त्याला ते चालायचं. तो एकटा दोघांच्या वाटचं बोलायचा.

रविवारी सकाळी तो मला उमरावाकडे न्यायचा. गावाबाहेर एक पडका मठ आहे. छप्पर नाही, भिंतींवर आयव्ही, आत आणि बाहेर गावकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी. तिथे जायला टॉम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं कुरण ओलांडावं लागतं. आल्याआल्या पहिल्याच वर्षी फिरताना मामाला तिथे गवतात एक झिजलेली शिळा दिसली होती. तिच्यावर नुसता क्रूस, नाव नाही. कुणाची म्हणून विचारलं तर टॉम म्हणाला, "कुणीतरी इंग्लिश लॉर्ड. तुमच्यासारखाच, कामासाठी आलेला." तेवढ्यावर मामा जो मागे लागला तो लागलाच. वॉटरफोर्डची लायब्ररी, डब्लिनची लायब्ररी, सुट्ट्यांमध्ये इंग्लंड, आणि शेवटी नाव सापडलं, वॉल्टर. टॉम फाटक उघडता उघडता त्याला चिडवायचा, "आले, वॉल्टरचे नातेवाईक आले." मामा म्हणायचा, "जवळचे दुसरे कोण आहेत त्याला? वंश बुडाला."

सर वॉल्टर हा पंधराव्या शतकातला. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या काठी त्याच्या बापाची जहागीर. त्याची गोष्ट मी मामाकडून इतक्या तुकड्यांत ऐकली आहे, की ती सलग आठवताना मधेमधे टॉमच्या गाई आणि मामाचं धापा टाकणंही आठवतं. सात वर्षांचा असताना बापाने वॉल्टरला दुसऱ्या सरदाराच्या घरी ठेवला, तशी पद्धतच होती. तिथे जेवणाच्या टेबलाशी उभं राहून मोठ्यांना मांस कापून द्यायचं, रुमाल चुकीच्या खांद्यावर टाकला तरी थप्पड खायची. "म्हणजे हॉस्टेलच गं," मामा म्हणायचा, "फक्त मेस त्यालाच चालवावी लागायची." मग फ्रान्सची लढाई. परत येतो तर देशात राजाच्या गादीसाठी दोन घराण्यांची मारामारी. थोरला भाऊ त्यात गेला, म्हणून हा उमराव झाला. आता कुणाची बाजू घ्यायची? याने बराच विचार केला आणि हरणाऱ्याची घेतली. जिंकलेल्या राजाने त्याचं डोकं उडवलं नाही, पण त्याच्यावर विश्वासही ठेवला नाही. समुद्रापलीकडे, आयर्लंडमध्ये, राजाचा कारभार बघायला पाठवून दिलं. "शिक्षेची बदली," मामा म्हणायचा. "आपल्याकडे गडचिरोलीला टाकतात तशी."

एका वर्षासाठी आला होता. पहिली बायको इंग्लंडमध्येच वारली होती. दरवर्षी राजाला विनंती करायचा, मला परत बोलवा. मग विनंत्या कमी झाल्या. इथल्या एका सरदाराच्या मुलीशी त्याने लग्न केलं. इंग्रजांनी आयरिश माणसांशी लग्न करायचं नाही असा कायदा होता, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारा हाच. आयरिश वादकांना घरात थारा द्यायचा नाही असाही कायदा होता. याच्या जेवणाला रोज हार्प वाजायची. इथपर्यंत आलं की मामा फार खूश असायचा.

शेवट मात्र तो क्वचित सांगायचा. एकदा तो सेव्हर्नकाठचं चर्च बघून आला आणि त्याने मला फोटो दाखवला. पांढऱ्या मऊ दगडातली समाधी. चिलखत घालून, हात जोडून वॉल्टर झोपलेला, शेजारी पहिली बायको, पायाशी कुत्रा. वॉल्टरने ती जिवंतपणीच कोरून घेतली होती. मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, मला घरी न्या, तिथे ठेवा. कडेच्या लेखात बायकोची तारीख आहे. त्याच्या नावापुढे जागा मोकळी. पाचशे वर्षं मोकळी. तो इथे वॉटरफोर्डला भर हिवाळ्यात गेला, बोटी बंद होत्या. दुसऱ्या बायकोने त्याला मठात ठेवला. वसंतात नेऊ म्हणाली. वसंत आला. कुणी नेलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मामा म्हणाला, इथे सगळ्यांना तो आपला वाटायला लागला होता, एवढंच. "तिकडे पुतळा आहे, माणूस नाही. इकडे माणूस आहे, नाव नाही." फोटो पाकिटात घालताना तो जरा हसला. "माझी पण पाटी तयार आहे की गंगापूर रोडला."

ते खरंच होतं. नाशिकला गंगापूर रोडवर त्याने फ्लॅट घेऊन ठेवला होता. दारावर पितळी पाटी, 'डॉ. श्रीकांत', आत नवा सोफा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. दिवाळीला आणि पाडव्याला आई जाऊन फ्लॅट झाडून यायची आणि त्याला फोन करायची. "शिऱ्या, जाळी काढून काढून हात दुखले माझे. येतोयस कधी?"

"पुढच्या वर्षी नक्की, ताई."

"पुढच्या वर्षी हेच सांगशील. कॅसेट करून पाठव, म्हणजे फोनचा त्रास नको."

मागच्या शरद ऋतूत त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरच तो, त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. आई व्हिसा काढून आली. मी आठवड्याला दोनदा त्या रस्त्याने जाऊ-येऊ लागले. जानेवारीत एकदा त्याने मला लॅपटॉप उघडून मुंबईची विमानं बघायला लावली. त्याच्याच मित्रांनी, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी, सांगितलं की आता विमानात बसवता येणार नाही. त्याने मान हलवली, जशी तो दुसऱ्याच्या केसबद्दल हलवायचा. शेवटच्या रविवारी हॉस्पिटलमध्ये आई खाली चहा घ्यायला गेली होती आणि मी खिडकीपाशी उभी राहून कार पार्क बघत होते. त्याने हाक मारली. मी जवळ गेले. "गौरी... त्याच्यासारखं नको हं." मी म्हटलं, "कुणाच्या?" पण मला कळलं होतं. "माणसं चांगली असतात गं," तो म्हणाला, "तिथेच तर राहून जातं." मग त्याला गुंगी आली. आई वर आली तेव्हा तिने विचारलं, काही बोलला का? मी नाही म्हटलं. ते तिला तेव्हा सांगितलं असतं तर ती त्याला तशाच्या तसा उचलून एअरपोर्टवर घेऊन गेली असती.

इकडे माणूस गेला की त्याला शवपेटीत घालून एक दिवस घरी आणतात आणि सगळं गाव भेटायला येतं. मामाला त्याच्या बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं. लोक रांगेने येत, आम्हा दोघींचे हात हातात घेत, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणत आणि आत बसत. प्रत्येकाच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेलं सँडविचचं ताट. माणूस घरात असेपर्यंत आमच्याकडे चूल पेटवत नाहीत हे मी ब्रीडाला सांगितलं. चहाशिवाय शोक कसा करतात हे तिला समजेना. थोडा विचार करून तिने विचारलं, "गॅरेज घरात धरायचं का?" मी आईला विचारलं. आईने पदर डोळ्यांना लावला होता, तो काढून ती म्हणाली, "नाही धरायचं. दे त्यांना चहा." मग ब्रीडाने किटली गॅरेजमध्ये लावली आणि तिथून कपांची रांग सुरू झाली.

त्या खोलीत मला मामाची एक गोष्ट कळली, जी मला माहीत नव्हती. एक गृहस्थ पेटीपाशी थोडा वेळ थांबले आणि मला हळूच म्हणाले, "एक विचारू? युअर मॅन वॉल्टर फ्रान्सला पोचला का हो शेवटी? मी बोटीपर्यंत होतो."

मामा भूल देताना लोकांना आकडे मोजायला लावत नसे. तो त्यांना उमरावाची गोष्ट सांगायचा.

"तू हर्निया," मागून एक बाई म्हणाली. "तुला झटकन झोपवलं असणार. माझा गुडघा होता, मला कमरेतून दिलं होतं. मी फ्रान्सहून परत आले."

"माझ्या दोन्ही मुली वॉल्टरच्या लग्नात झाल्या," दुसरी म्हणाली. "दोन्ही सिझेरियन. एकदा तर सर्जन म्हणाला, श्री, पुरे कर, मला हार्प ऐकू यायला लागली."

सगळे हसले. माझ्या शेजारी आई दचकली. पेटी समोर असताना लोक हसतात हे तिला कळेना. "काय म्हणतायत?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "लहानपणी पण असाच होता. मला झोप येत असली की त्याला गोष्ट सुचायची." आणि मग ती त्या दिवसात पहिल्यांदा आवाज करून रडली. ती गुडघ्याची बाई उठली आणि आईच्या शेजारी येऊन बसली. दोघींना एकमेकींचं काहीही कळत नव्हतं.

शेवट मात्र खोलीत कुणालाच ठाऊक नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला मरणाची गोष्ट सांगत नाहीत. त्यांच्यासाठी वॉल्टर हार्प ऐकत जेवायला बसला होता आणि अजून बसलेलाच होता.

संध्याकाळकडे टॉम आला. सूट घातलेला, केस पाण्याने बसवलेले. त्याने टोपी हातात घेतली आणि आईसमोर उभा राहून माझ्याकडे बघत बोलू लागला. मी त्याचं एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मठात त्याच्या घरच्यांची जागा आहे. त्याच्या आईच्या कबरीच्या आणि भिंतीच्या मधे, वॉल्टरच्या शिळेला लागून, एक मोकळी आहे. त्याने ती स्वतःसाठी ठेवली होती, पण तो बायकोशेजारी नव्या दफनभूमीत जाईल. उद्या डब्लिनला दहन झालं की डॉक्टरची राख तिथे ठेवावी. फादरना विचारून झालं आहे. "दर रविवारी यायचा तो," टॉम म्हणाला. "त्याला दुसरीकडे कुठे ठेवणार तुम्ही?" खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ब्रीडा रडत होती.

आईने टॉमचे दोन्ही हात धरले. "किती चांगली माणसं आहेत गं," ती मला म्हणाली. "राहू दे त्याला इथेच. इथेच रमला तो. तिकडे माझ्याशिवाय कोण आहे त्याचं? सांग त्यांना, हो म्हणून."

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, मी ते इंग्रजीत सांगेन म्हणून.

चार माणसांत बोलायचं मी शाळेपासून टाळत आले आहे. 'हो' हा एवढासा शब्द होता. तो म्हटला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आईलासुद्धा. मी पेटीकडे बघितलं. मामाच्या चेहऱ्यावर त्यांनी थोडी पावडर लावली होती आणि तो कुणीतरी दुसराच दिसत होता... मी म्हटलं, "वॉल्टरचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे."

मी सांगितलं. मामाला जमायचं तसं मला जमलं नाही, मी भराभर आणि जमिनीकडे बघत सांगितलं. सेव्हर्नकाठची समाधी, पायाशी कुत्रा, नावापुढची मोकळी जागा. मृत्युपत्र. हिवाळा, बंद बोटी. सगळे म्हणाले वसंतात नेऊ. सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. मग म्हटलं, मामाने शेवटच्या रविवारी मला सांगितलं होतं, त्याच्यासारखं नको. त्याला घरी जायचं होतं.

कुणी कप ठेवल्याचा आवाज झाला. टॉम टोपी हातात फिरवत उभा होता. "म्हणजे वॉल्टर आमच्याकडे नुसता वसंतापर्यंत ठेवलेला आहे?"

"हो," मी म्हटलं.

मी टॉमच्या भलेपणावर पाणी फिरवलं असं मला वाटत होतं, आणि मला पळून गॅरेजमध्ये जावंसं वाटत होतं. मग तो पेटीपाशी गेला, मामाच्या कपाळाला त्याने हात लावला आणि माझ्याकडे वळला. "घेऊन जा त्याला, गर्ल," तो म्हणाला. "आम्ही दोनदा नाही करणार तसं."

आईने माझी बाही ओढली. "काय चाललंय? काय म्हणाला तो?" मी तिला मराठीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती उठली, टॉमपाशी गेली, आणि इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं पहिलं इंग्रजी वाक्य तिने म्हटलं, "थँक यू. ब्रदर गोइंग होम."

दहन डब्लिनला झालं, कारण वॉटरफोर्डला ती सोय नाही. तिथे लाकूड नाही, अग्नी दिसत नाही, पडदा सरकतो. काही दिवसांनी आम्ही दोघी त्याला घेऊन निघालो. मुंबईहून टॅक्सीने नाशिकला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ड्रायव्हरने विचारलं, कुठे घेऊ? मी म्हटलं, आईच्या घरी, कलश बाहेर झाडाला बांधू आणि सकाळी गंगेवर जाऊ. तशीच रीत आहे, अस्थी घरात नेत नाहीत. रीतीच्या बाबतीत आई कधी तडजोड करत नाही.

"गंगापूर रोडला घ्या," आई म्हणाली.

"अगं, पण आत कशा नेणार?"

"ठाऊक आहे मला. दुसऱ्याच्या घरात नेत नाहीत. हे त्याचं आहे. ज्याचं घर त्यालाच बाहेर ठेवू?"

तिने कुलूप काढलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळे दिवे लावले, भर उजेडात. सोफ्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं, ते इतक्या वर्षांनी कडक झालं होतं आणि त्याचे तुकडे पडत होते. मग तिने कलश सोफ्याच्या मधोमध ठेवला आणि आम्ही दोघी खाली फरशीवर बसलो. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधले आजोबा बाहेर आले, दिवे बघून डोकावले आणि आनंदाने म्हणाले, "अरे वा! डॉक्टर आले वाटतं?"

मी आईकडे बघितलं.

"हो," आई म्हणाली. "आला." आणि त्यांना आत दिसावं म्हणून ती जराशी बाजूला सरकली. आजोबांनी बघितलं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन नमस्कार केला आणि आमच्याजवळ भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर सगळं यथासांग झालं. मी परत गॉलवेला आले. फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा हे नातेवाईक आईला विचारतात, ती चहा ठेवायला उठते. परवा मी फोन केला तर मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. तिच्या स्वयंपाकघरातला आवाज वेगळा असतो, म्हणून मी विचारलं, "कुठे आहेस तू?"

"शिऱ्याकडे आलेय गं," ती म्हणाली. "जेवूनच जाईन म्हटलं."